धागा: भाव एकच, विचारायच्या तऱ्हा शंभर. बॉटला हे कसं शिकवायचं?

मागवाला

सोलापुरात चादर, टॉवेल, नॅपकिन विकणाऱ्या बऱ्याच जणांनी व्हॉट्सॲपवर बॉट बसवलाय किंवा बसवायच्या विचारात आहेत. येणारे प्रश्न मोजकेच असतात: भाव, माप, होलसेलचा दर, माल कुठवर आला, जीएसटीचं बिल, बदलून मिळेल का, रंग जातो का. पण गिऱ्हाईक ते आपापल्या बोलीत विचारतं. नुसत्या भावाचे प्रश्न बघा:

डबल चादर केवढ्याला?
चद्दर रेट
दादा ती मोराची कशी दिली
एक नग किती ला बसतंय
भाव सांगा की ओ
टॉवेल किलोवर काय पडतो
कित्ते को दिये भाई

या सगळ्यांना उत्तर एकच, दरपत्रक. 'भाव' आणि 'किंमत' हे शब्द शोधून उत्तर देणारा बॉट यातल्या एकाच ओळीला उत्तर देईल. उलट 'भाव वाढवला म्हणून ऑर्डर रद्द करा' असं कुणी लिहिलं तर त्यालाही दरपत्रकच पाठवेल. म्हणजे शब्द ओळखून भागत नाही, विचारणाऱ्याला काय हवंय ते ओळखावं लागतं. नमुना वाक्यं कुठून आणायची, किती लागतात, मराठीत नेमकं कुठे अडतं, चाचणी कशी घ्यायची, हे सगळं या धाग्यात तपशिलात लिहूया. विचारणाऱ्याला जे हवंय त्याला हेतू म्हणू. हे हेतू कसे पाडायचे, तिथून मी सुरुवात करतो, कारण पुढचं बहुतेक सगळं तिथेच बिघडतं.

माझा नियम असा: उत्तर वेगळं असेल तरच हेतू वेगळा. 'सिंगलचा भाव' आणि 'डबलचा भाव' असे दोन हेतू करू नयेत. हेतू एकच, भाव विचारणे; सिंगल-डबल हा त्यातला तपशील. तो वेगळा काढून दरपत्रकाची योग्य ओळ दाखवायची. याउलट 'काय जमवा', 'फायनल सांगा', 'शंभर नग घेतले तर?' हेही भावाबद्दलच आहे, पण त्यावर दरपत्रक पाठवलं तर गिऱ्हाईक चिडतं. तिथे होलसेलचे टप्पे दाखवायचे किंवा माणसाकडे द्यायचं. उत्तर बदललं, म्हणून हेतूही वेगळा.

मग जोड्या लिहून काढा. शब्द जवळजवळ तेच, पण उत्तर वेगळं, अशा जोड्या:

माल पाठवा / माल पाठवला का / माल परत पाठवायचाय
रंग कोणते आहेत / रंग जातो का / रंग गेला
चादर आली नाही / चादर आवडली नाही
पैसे कधी भरू / पैसे भरले / पैसे कापले पण ऑर्डर दिसत नाही

प्रत्येक बाजूला किमान १०-१२ खरी वाक्यं हवीत. मराठीत सगळा फरक क्रियापदाच्या शेपटीत असतो. 'रंग जातो का' विचारणारा अजून घेणार आहे, 'रंग गेला' म्हणणारा घेऊन बसलाय. या जोड्या नसतील तर मॉडेल 'रंग' एवढंच शिकतं आणि तक्रारदाराला रंगांचा कॅटलॉग पाठवतं.

अक्षरओळख

हेतूंचं पटलं. पण त्याआधी एक पायरी आहे आणि ती न तपासता लोक मॉडेलला दोष देतात. मजकुराचे तुकडे कसे पडतात ते आधी बघा.

पायथनमध्ये सायकिट-लर्न या लायब्ररीचा, मजकूर आकड्यांत बदलणारा काउंटव्हेक्टरायझर किंवा टीएफ-आयडीएफ व्हेक्टरायझर आहे तसा वापरला, तर तो 'अक्षर-अंक असलेले किमान दोन चिन्हांचे तुकडे' उचलतो. पायथनच्या मूळ रेगेक्समध्ये (मजकुरातले साचे शोधायची सोय) काना, मात्रा, वेलांटी, हलन्त यांना अक्षर धरलं जात नाही. त्यामुळे शब्द प्रत्येक मात्रेवर तुटतो. 'चादर' घ्या: 'च' एकटा पडतो म्हणून टाकला जातो, काना गळतो, उरतं 'दर'. म्हणजे 'चादर आली नाही' या तक्रारीत मॉडेलला 'दर' दिसतो आणि ते भावाच्या हेतूकडे झुकतं. 'टॉवेल' तर पूर्णच नाहीसा होतो, कारण ट, व, ल तिघेही एकेकटे पडतात.

उपाय दोन. टोकन पॅटर्न बदलून 'मोकळी जागा सोडून सगळं' असा द्या. किंवा, माझ्या मते मराठीला जास्त चांगलं, अक्षरगट, म्हणजे लागोपाठच्या काही चिन्हांचे तुकडे, वापरा: ॲनलायझर 'चार_डब्ल्यूबी', लांबी २ ते ५. मग चादरीचा, चादरींचे, चादरीला, चादरीसाठी या सगळ्यांत 'चादर' हा गट सापडतो आणि विभक्तीची डोकेदुखी बरीचशी संपते. 'चद्दर' आणि 'चादर'मध्येसुद्धा थोडे गट जुळतात. त्यावर लॉजिस्टिक रिग्रेशन हे साधं मॉडेल ठेवलं तर साध्या सर्व्हरवर, ग्राफिक्स कार्डाशिवाय, काही सेकंदांत शिकून होतं. दुसरं काहीही करण्याआधी हे करा. महागडं मॉडेल याच्यापेक्षा किती पुढे जातं ते मग मोजता येतं.

दुसरी भानगड युनिकोडची. 'व्हॉट्सॲप'मधला ॲ दोन प्रकारे टाइप होतो: यू+०९७२ हे एकच चिन्ह, किंवा अ आणि त्यावर चंद्र अशी दोन चिन्हं. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. एनएफसी नॉर्मलायझेशन, म्हणजे युनिकोडची ठरलेली एकरूपता, केलं तरी हे दोन एक होत नाहीत, तुम्हालाच बदलून घ्यावे लागतात. तसाच 'ऱ्या'. काही कीबोर्ड ऱ हे वेगळं चिन्ह वापरतात, काही साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक म्हणजे झेडडब्ल्यूजे. हे न दिसणारे जोडक सरसकट काढून टाकले तर 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होतं. म्हणून आधी र-हलन्त-जोडक या तिघांच्या जागी ऱ-हलन्त घाला, मग उरलेले जोडक काढा. क्रम उलटा केला तर माहिती गेलीच.

अंक देवनागरी असोत वा इंग्रजी, एकाच रूपात आणा. ६०*९०, ६०x९० यांतलं इंग्रजी अक्षर वा फुली 'बाय' करून घ्या. इमोजी मात्र सगळे उडवू नका. रागाचा चेहरा तक्रारीत कामाला येतो.

पूर्वभाग

वर एक हिंदी ओळ आली आहे. सोलापुरात तेवढ्यावर भागणार नाही. पूर्व भागातलं गिऱ्हाईक तेलुगू वळणाचं मराठी लिहितं, अक्कलकोटकडून आणि विजापूर-गुलबर्ग्याहून येणारं कन्नड मिसळतं, दखनी तर सगळीकडेच आहे. 'एंता', 'एष्टु', 'कित्ते को' हे तिन्ही भावाचेच प्रश्न. यांच्यासाठी भाषेगणिक वेगळा बॉट करू नका. हेतू तेच ठेवा आणि नमुना वाक्यांत या ओळी तशाच मिसळा. उत्तर कोणत्या भाषेत द्यायचं हा प्रश्न वेगळा, तो ओळखीनंतर सोडवायचा.

यापेक्षा मोठा अडथळा रोमन लिपीचा. बरेच लोक मराठी इंग्रजी अक्षरांत लिहितात आणि प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं. नुसतं 'आहे' बघा: कुणी ए-एच-ई, कुणी ए-ए-एच-ई, कुणी ए-एच-ए-ई, तर कुणी नुसतं ए-ए. 'केवढ्याला'ची तर गणतीच नाही. इथे तीन वाटा आहेत.

पहिली, सगळं देवनागरीत आणायचं. आयआयटी मद्रासच्या एआय४भारतचं इंडिकएक्सलिट हे मॉडेल रोमनमधून भारतीय लिप्यांत शब्द बदलतं, मराठीसकट. चालतं बरं, पण 'रेट', 'डबल', 'कुरिअर' यांसारखे मुळातले इंग्रजी शब्द आणि गावांची नावं ते कधीकधी विचित्र करतं. म्हणून आधी आपल्या धंद्यातल्या दोनेकशे शब्दांचा हाताने केलेला तक्ता लावा, त्यात न सापडलेला शब्दच मॉडेलकडे द्या.

दुसरी, काहीच न बदलता रोमन नमुनेच भरपूर द्यायचे. अक्षरगट वापरत असाल तर स्पेलिंगचे फरक बऱ्यापैकी पोटात घेतले जातात.

तिसरी, गूगलचं म्युरिल हे भाषा मॉडेल वापरायचं. ते १६ भारतीय भाषा आणि इंग्रजीवर शिकवलंय आणि शिकवताना रोमन लिपीतला मजकूरही घेतलाय. साधं बर्ट किंवा फक्त देवनागरीवर शिकलेलं मॉडेल रोमन मराठीवर आपटतं. पुण्याच्या एल३क्यूबची महाबर्टसारखी मराठी मॉडेलं देवनागरीवर छान चालतात, पण लिपी आधी बदलून घेतली तर.

माझं मत पहिली आणि दुसरी एकत्र: शिकवताना प्रत्येक रोमन वाक्य मूळ रूपात आणि देवनागरीत बदललेल्या रूपात, असं दोनदा द्यायचं. मात्र दोन्ही रूपं एकाच बाजूला राहतील हे बघा. एक शिकवणीत आणि दुसरं चाचणीत गेलं तर निकाल फुगतो.

कडकभाकरी

एवढं कशाला करायचं? मोठ्या भाषा मॉडेलला सांगा 'भाव विचारायचे शंभर प्रकार लिही'. दहा मिनिटांत नमुने तयार. किंवा हेतूबितू सोडून द्या, सगळा प्रश्न थेट मोठ्या मॉडेललाच विचारा.

मागवाला

@कडकभाकरी, दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, म्हणून उत्तरंही वेगळी.

मॉडेलकडून नमुने लिहून घेतले की साधारण असं येतं: 'कृपया मला डबल चादरीच्या किमतीबद्दल माहिती देऊ शकाल का?' व्याकरण शुद्ध, पूर्णविराम-प्रश्नचिन्ह जागच्या जागी. आपलं गिऱ्हाईक असं लिहीत नाही. ते लिहितं 'डबल ??' आणि सोबत फोटो. अशा नमुन्यांवर शिकलेला बॉट अशाच नमुन्यांच्या चाचणीत पहिला येतो आणि दुकान उघडल्यावर नापास होतो. भर घालायला वापरा, पण प्रमाण आवरा: एका हेतूत तयार केलेली वाक्यं खऱ्या वाक्यांपेक्षा जास्त नकोत. आणि मागताना 'शंभर प्रकार लिही' असं मोघम मागू नका. पाच खरी वाक्यं द्या आणि सांगा, 'याच लांबीची, याच चुकांसकट, याच बोलीत आणखी दहा'. मग एकेक वाचून निम्मी फेका. चाचणीत मात्र एकही तयार वाक्य नको, तिथे शंभर टक्के खरी.

खरी वाक्यं मिळवायची सोपी जागा म्हणजे जुनी चॅट. गिऱ्हाईकाचा पहिला संदेश आणि आपल्या माणसाने दिलेलं उत्तर, ही जोडी काढा. उत्तरावरून हेतू आपोआप अर्धा कळतो. दरपत्रकाचा फोटो पाठवलाय? मग वरचा प्रश्न भावाचाच. 'दादा' आणि 'हॅलो' एवढंच असेल तर पुढचा संदेश घ्या.

संख्या विचाराल तर: सुरुवातीला १२ ते १५ हेतू, प्रत्येकी ३० ते ५० खरी आणि एकमेकांपासून वेगळी वाक्यं. २० च्या खाली असलेला हेतू अजून सुरूच करू नका, तो प्रश्न सरळ माणसाकडे वळवा. आणि भावाची ४०० वाक्यं, बदलीची २५, असा तोल गेला तर मॉडेल शंका आली की भावच सांगतं. भावाची वाक्यं कमी करा; तीही अशी निवडा की एकासारखी दुसरी नको. 'डबल रेट', 'सिंगल रेट', 'टॉवेल रेट' ही तीन वाक्यं म्हणजे बोलण्याची तऱ्हा एकच.

थेट मोठ्या मॉडेलला विचारण्याबद्दल शून्यखंड जास्त नीट सांगतील.

शून्यखंड

थेट विचारायला हरकत नाही, फक्त मॉडेलचं काम 'ओळखणे' एवढंच ठेवा. भाव, माप, साठा, पोचायचा दिवस यांतलं काहीही त्याच्या तोंडून येऊ देऊ नका. ते तक्त्यातूनच आलं पाहिजे. मॉडेलने ठासून चुकीचा भाव सांगितला तर दुकानदाराला तो पाळावा लागतो नाहीतर शब्द फिरवावा लागतो, दोन्हीत नुकसान.

मला चालणारी रचना सांगतो. सगळी खरी नमुना वाक्यं वाक्य-एम्बेडिंग करून, म्हणजे अर्थ दाखवणाऱ्या आकड्यांच्या रांगेत बदलून, साठवायची. प्रश्न आला की त्याचीही एम्बेडिंग काढून सगळ्यात जवळची ८ वाक्यं शोधायची. प्रश्नाची तुलना प्रश्नाशी करा, उत्तराशी नको. 'केवढ्याला' आणि दरपत्रकाचा मजकूर यांच्यात साम्य शोधणं अवघड, 'केवढ्याला' आणि 'किती ला' यांच्यात सोपं. आठही एकाच हेतूची आणि पुरेशी जवळ असतील तर मोठ्या मॉडेलकडे जायचंच नाही, उत्तर देऊन टाकायचं. दोन हेतू मिसळलेले असतील तरच मोठ्या मॉडेलला ही आठ वाक्यं, हेतूंची यादी आणि प्रत्येकाची एका ओळीची व्याख्या द्यायची. तापमान, म्हणजे उत्तर किती बदलू द्यायचं तो आकडा, ०. उत्तर यादीतलंच हवं, आणि 'यापैकी नाही' हा पर्याय यादीत असलाच पाहिजे. तो नसेल तर मॉडेल काहीतरी निवडतंच. मराठी मजकुराचे टोकन (मॉडेल ज्यांवर पैसे मोजतं ते तुकडे) इंग्रजीपेक्षा बरेच जास्त पडतात, त्यामुळे खर्चाच्या बाजूनेही हे गाळणं परवडतं.

उंबरठ्याबद्दल, म्हणजे ज्या आकड्याच्या खाली बॉटने स्वतः उत्तर द्यायचं नाही त्याबद्दल, एक इशारा. वेगवेगळ्या मॉडेलांचे साम्याचे आकडे एका मापाचे नसतात. बहुभाषिक ई५ या एम्बेडिंग मॉडेलमध्ये बहुतेक सगळ्या जोड्यांचं साम्य ०.७ च्या वरच येतं, अगदी असंबद्ध वाक्यांचंसुद्धा. कुठेतरी वाचून ०.५ उंबरठा ठेवला तर तिथे उंबरठाच नाही असं समजा. याच मॉडेलला प्रत्येक मजकुराआधी 'क्वेरी:' हा इंग्रजी उपसर्ग लावावा लागतो, तो विसरला तर दर्जा घसरतो. रासा या बॉट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये फॉलबॅकचा (बॉटने 'कळलं नाही' धरायचा) मूळ आकडा ०.३ असतो आणि पहिल्या-दुसऱ्या हेतूतल्या फरकाचा ०.१. तेही तसेच ठेवायचे नसतात. आपल्या चाचणी-वाक्यांवर उंबरठा ०.०५ ने वर-खाली करून दोन रकाने भरा: किती प्रश्नांना चुकीचं उत्तर गेलं, किती विनाकारण माणसाकडे गेले. मग हेतूगणिक ठरवा. न मागता दरपत्रक चुकून गेलं तर फार बिघडत नाही, तिथे सैल ठेवा. 'ऑर्डर रद्द' चुकून ओळखलं तर महागात पडतं, तिथे कडक ठेवा आणि वर 'रद्द करायची ना?' असं विचारूनच पुढे जा.

आणि एम्बेडिंगची मोठी दुबळी बाजू म्हणजे नकार आणि काळ. वर मागवालांनी दिलेली 'रंग जातो का / रंग गेला' जोडी एम्बेडिंगला जवळजवळ सारखीच वाटते. म्हणून नुसत्या जवळिकीवर सोडू नका. अशा जोडीतलं काही समोर आलं की दुसऱ्या पायरीवर पाठवायचंच, असा नियम लिहून ठेवा.

जुळेसोलापूर

मॉडेल कितीही चांगलं असो, व्हॉट्सॲपवर लोक एक वाक्य एका संदेशात लिहीत नाहीत. 'दादा'. 'ती चादर'. 'डबल'. 'किती ला'. चार संदेश, चार वेबहुक, म्हणजे व्हॉट्सॲपकडून बॉटला चार वेगळ्या सूचना. बॉट चौघांना वेगवेगळं उत्तर देतो आणि गिऱ्हाईक पळतं. शेवटच्या संदेशानंतर ४ ते ६ सेकंद थांबा, तेवढ्यात नवीन आला तर घड्याळ परत शून्यावर, मग सगळं जोडून एकदाच ओळखायला द्या. फार लांबवू नका, एकूण १५ सेकंदांची कमाल मर्यादा घाला.

गिऱ्हाईक जुन्या फोटोवर बोट ठेवून 'हे आहे का' असं उत्तर देतं, तेव्हा वेबहुकमध्ये 'कॉन्टेक्स्ट' या नावाखाली मूळ संदेशाचा क्रमांक येतो. तो वाचा. कोणता फोटो कोणत्या मालाचा हे पाठवताना साठवून ठेवलं असेल तर 'हे' म्हणजे काय ते लगेच कळतं. यात मॉडेलचं काहीच काम नाही.

तसंच, भाव सांगून झाल्यावर 'आणि टॉवेल?' असं आलं तर वाक्यात हेतूच नाही, फक्त माल आहे. मागचा हेतू दहा मिनिटं जिवंत ठेवा. नवीन संदेशात नुसता तपशील असेल तर मागचा हेतू आणि नवा तपशील जोडा.

बॉटला शंका असेल तेव्हा 'समजलं नाही, पुन्हा लिहा' म्हणू नये. पुन्हा लिहिताना लोक तेच लिहितात. सगळ्यात वरचे दोन हेतू आणि 'माणसाशी बोला', असे तीन बटण दाखवा. व्हॉट्सॲप तीनच देतं. बटणावरचा मजकूर २० चिन्हांत बसवावा लागतो आणि काना-मात्रा, मोकळी जागा सगळं मोजलं जातं. 'चादरीचा भाव विचारायचाय' ही २२ होतात, बसत नाही. 'तक्रार नोंदवायची आहे' बरोबर २०. यापेक्षा जास्त पर्याय हवेत तर यादीचा संदेश वापरा, त्यात १० ओळी मिळतात. आणि दाबलेलं बटण जपून ठेवा: गिऱ्हाईकाने स्वतः लेबल लावून दिलेलं वाक्य आहे ते. तपासून नमुन्यांत घाला.

कडकभाकरी

जोडप्रश्नांचं काय? 'डबलची काय किंमत आणि बार्शीला पाठवता का'. 'आणि' वर तोडावं तर 'चादर आणि टॉवेल' पण तुटतं.

शून्यखंड

'आणि' वर तोडू नका. एकाच वाक्याला एकाहून जास्त लेबलं लावता येतील असं शिकवा. म्हणजे शेवटच्या थरात सॉफ्टमॅक्सऐवजी (त्यात सगळ्या हेतूंचे आकडे मिळून १ होतात) प्रत्येक हेतूचा स्वतंत्र हो-नाही आकडा, सिग्मॉइड. सायकिट-लर्नमध्ये वन-व्हर्सेस-रेस्टने तेच होतं. मग भाव ०.८ आणि पाठवणी ०.७ असे दोन्ही वर येऊ शकतात, आणि उत्तरं त्या क्रमाने द्यायची. सॉफ्टमॅक्समध्ये दोघं एकमेकांचा वाटा खातात आणि दोन्ही उंबरठ्याखाली जातात. जोडप्रश्नांची ४०-५० खरी वाक्यं लेबलं लावून शिकवणीत घाला, नाहीतर हे जमणार नाही.

अक्षरओळख

तपशील काढण्याबद्दल कुणी लिहिलं नाही, आणि ऑर्डर घेणाऱ्या बॉटचं सगळं त्यावरच आहे.

ज्याचा साचा ठरलेला आहे त्याला मॉडेल लावू नका, रेगेक्स पुरतो. मोबाइल १० अंकी, ६ ते ९ ने सुरू. पिनकोड ६ अंकी, पहिला ० नाही. जीएसटी क्रमांक १५ चिन्हांचा, महाराष्ट्राचा २७ ने, कर्नाटकाचा २९ ने आणि तेलंगणाचा ३६ ने सुरू. यूपीआयचा संदर्भ क्रमांक १२ अंकी. लांब साचे आधी तपासा, नाहीतर १२ अंकी क्रमांकातले १० अंक मोबाइल म्हणून उचलले जातात.

मराठी संख्याशब्दांचा तक्ता मात्र हातानेच करावा लागतो. पाऊणशे ७५, सव्वाशे १२५, दीडशे १५०, पावणेदोनशे १७५, अडीचशे २५०, साडेतीनशे ३५०. दीड डझन १८. 'शंभरेक' म्हणजे अंदाजे, तिथे १०० धरून 'शंभर नग धरू का?' असं विचारा. 'पाचपन्नास चादरी लागतील' यात ५ही नाही, ५०ही नाही आणि ५५ तर नाहीच. नग किती ते विचारायचं.

'परवा' सगळ्यात फसवा. 'परवा ऑर्डर दिली' हा मागचा, 'परवा पाठवा' हा पुढचा. तारीख काढताना शेजारचं क्रियापद भूतकाळी आहे का ते बघितल्याशिवाय ठरवू नका. हिंदी मिसळणाऱ्यांचा 'कल' तसाच.

समानार्थी शब्दांची यादी करताना धंद्याचं भान ठेवा. चद्दर, चादर, चाद्दर एक. टावेल, टॉवल, टॉवेल एक. पण पंचा म्हणजे टॉवेल नाही आणि नॅपकिन म्हणजे छोटा टॉवेल नाही, भाव वेगळे आहेत. पुण्या-मुंबईकडचं गिऱ्हाईक 'चादर' म्हणून बेडशीट मागतं, सोलापुरी चादर त्याच्या डोक्यातही नसते. तिथे दोन्हींचे फोटो दाखवून विचारणं बरं. रासात समानार्थी यादी दिली म्हणजे शब्द ओळखला जातो असा एक गैरसमज आहे. ती यादी फक्त ओळखलेल्या शब्दाचं रूप बदलते. ओळखायला नमुना वाक्यांत 'टावेल' खुणा करून यायलाच हवा.

पूर्वभाग

चाचणीबद्दल. डेटा ८० टक्के शिकवणी, २० टक्के चाचणी असा करताना ओळी पिसून वाटू नका, गिऱ्हाईकागणिक वाटा. एकच माणूस दर वेळी 'रेट बोलो सेठ' लिहितो. त्याचा एक संदेश शिकवणीत आणि एक चाचणीत गेला तर बॉट त्या माणसाला ओळखतोय, प्रश्नाला नाही. वाटणीआधी सफाई करून दुबार वाक्यं काढा.

एकूण अचूकतेकडे बघू नका. निम्मे प्रश्न भावाचे असतील तर सगळ्याला 'भाव' म्हणणारा बॉटही ५० टक्के अचूक. हेतूगणिक एफ-१ (चुकून पकडलेलं आणि सुटलेलं, दोन्ही धरणारा आकडा) बघा आणि गोंधळाचा तक्ता, म्हणजे कन्फ्युजन मॅट्रिक्स, छापून समोर ठेवा. 'माल कुठे' आणि 'बदली' एकमेकांत जात असतील तर त्या चौकटीतली वाक्यं एकेक वाचा. तीनच कारणं निघतात: लेबल चुकलंय, त्या तऱ्हेची वाक्यं कमी आहेत, किंवा दोन हेतूंमधली रेषाच धूसर आहे. तिसरं ओळखायला दोन माणसांकडून तीच २०० वाक्यं वेगवेगळी लेबल करून घ्या, एकमेकांना न विचारता. जिथे माणसांचं जुळत नाही तिथे मॉडेलचं जुळणार नाही, आणि आणखी डेटा ओतून उपयोग नाही. व्याख्या बदला किंवा हेतू एकत्र करा.

लेबल लावायला दुकानात रोज फोन घेणारा माणूस बसवा. 'वाणात फरक आहे' ही तक्रार आहे की चौकशी, हे त्यालाच कळतं.

जुळेसोलापूर

जुनी चॅट बाहेरच्या कुणाला किंवा ऑनलाइन मॉडेलला देण्याआधी नावं, नंबर, पत्ते काढून त्या जागी मोबाइल, गाव, पिनकोड असे ठोकळे घाला. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, शिवाय मॉडेललाही फायदा होतो: ते अमुक नंबर पाठ करण्याऐवजी 'इथे नंबर येतो' हे शिकतं.

कडकभाकरी

विषयाबाहेरच्या संदेशांसाठी 'इतर' हेतू करावा का? गुड मॉर्निंगचे फोटो, सूत विकणारे, 'कामाला माणूस पाहिजे का' असं बरंच येतं.

मागवाला

सगळ्यांचं मिळून एक 'इतर' करू नका. त्यात काहीही बसतं, मग तो हेतू फुगतो आणि नवीन तऱ्हेने लिहिलेले खरे प्रश्नही ओढून घेतो. वारंवार येणारे वेगळे काढा: नोकरीची चौकशी एक, सूत-रंग विकणारे एक, शुभेच्छा एक. तिघांनाही ठरलेलं उत्तर किंवा शांतता. उरलेलं उंबरठ्यावर सोडा, ते माणसाकडे जाऊ दे.

आणि माणसाकडे गेलेले संदेश दर सोमवारी वाचायची पद्धत ठेवा. बटणं दाबली न गेलेले, उत्तर दिल्यावर 'ते नाही ओ' आलेले, आणि उंबरठ्याच्या जरा वर असलेले, एवढेच. आठवड्याला ५०-६० वाक्यं लेबल करून शिकवणीत घातली तर पुरे. चाचणीचा संच मात्र महिनोन्महिने तोच ठेवू नका. मे-जूनमध्ये गणवेशाचे प्रश्न येतात, आषाढीला पंढरपूरहून शालींची आणि चादरींची ठोक मागणी येते, जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेमुळे 'गड्ड्याला स्टॉल कुठे' सुरू होतं. प्रत्येक हंगामाची ३०-४० वाक्यं चाचणीत राखून ठेवा आणि पुढच्या वर्षी हंगाम सुरू व्हायच्या पंधरा दिवस आधी त्यांवर बॉट तपासा. जुन्या संचावर निकाल घसरला नाही ना, हे बघूनच नवीन मॉडेल चालू करा. घसरला तर मागचं मॉडेल लगेच परत लावता येईल असं ते बाजूला ठेवलेलं असावं.